बागेत आपोआप उगवलेलं अळू खाजतं का? तपासणी कुठून सुरू करावी

तक्रार दरवर्षी तीच, फक्त महिना बदलतो. श्रावणात पानांची, दिवाळीनंतर अळकुड्यांची. मोरीच्या पाण्यावर, टाकीच्या ओव्हरफ्लोखाली, सोसायटीच्या कुंपणाकडेला कुणी न लावता अळू माजतं. कुणीतरी हौसेनं काढून शिजवतं आणि जेवण अर्ध्यावर असताना घसा धरतो. मग माझ्याकडे फोटो येतो: "अळूच आहे ना हे? मग खाजलं कसं?" नातेवाईक, शेजारी, त्यांचे शेजारी अशा सगळ्यांना तेच तेच सांगून झालंय, म्हणून आता सगळं एका जागी लिहितो. विदर्भात याला धोपा म्हणतात, मराठवाड्यात चमकुरा, कोकण-गोव्यात रानातल्याला तेरं. खाज सगळीकडे सारखीच.

लक्षणं

- सोलताना-चिरताना बोटांच्या बेचक्यात आणि मनगटाला चुणचुण. हात पाण्यानं धुतले की कमी व्हायच्या ऐवजी पसरते.
- पहिल्या दोन-चार घासांतच जिभेच्या शेंड्याला, टाळ्याला, घशात टोचल्यासारखं होतं. पोटाला मात्र काही नाही.
- अळूवडीच्या कडा चांगल्या, मधला भाग खाजरा.
- पानांची भाजी ठीक, पण त्याच रोपाचा गड्डा खाजतो.
- उकडलेली अळकुडी एका टोकाला लोण्यासारखी मऊ आणि दुसऱ्या टोकाला कितीही शिट्या दिल्या तरी कचकचीत.
- पानं सुपाएवढी, पण खणलं तर खाली कंदच नाही, नुसते दोरीसारखे धुमारे.

पुढचं मात्र या यादीत बसत नाही: ओठ किंवा जीभ सुजणं, लाळ गळत राहणं, आवाज बसणं, गिळता न येणं, श्वास अडकणं. लहान मुलानं कच्चं पान किंवा कंद चावला असेल, डोळ्यात चीक गेला असेल, तरीही नाही. अशा वेळी वाचत बसू नका. 108 ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. तोवर तोंड गार पाण्यानं खळखळून धुवायचं. डोळ्यात चीक गेला असेल तर वाहत्या पाण्याखाली डोळा निदान पंधरा मिनिटं धरायचा. उलटी करवायची नाही.

खाज येते कुठून

अळूच्या पानात, देठात, कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, जुड्या बांधून पेशींत ठेवलेल्या. चिरताना किंवा चावताना पेशी फुटली की त्या बाहेर पडून कातडीत, जिभेत रुततात. पण नुसत्या सुयांनी एवढं होत नाही. त्यांच्यावर लागलेलं प्रथिन खरा त्रास देतं. शिजवल्यानं सुया विरघळत नाहीत, ते प्रथिन निकामी होतं. म्हणून अळू अर्धवट शिजलेलं चालत नाही. कोशिंबीर-बिशिंबीर करून बघायचा तर विचारच सोडा.

आता तपासण्या. पहिल्या फुकट आहेत, शेवटचीला कुदळ लागते. क्रम मोडू नका, कारण पहिली तपासणी चुकली तर बाकीच्या सगळ्या वाया.

१. उभं राहून पान बघा

"पानावर पाणी ठरत नाही म्हणजे अळू" हा घरोघरीचा नियम पुरेसा नाही. शोभेसाठी लावतात त्या हत्तीकानाच्या पानावरूनही पाणी घरंगळतं. त्यामुळे पाण्याचा तांब्या बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी एकत्र बघा.

पहिली, देठ कुठे जोडलाय. अळूचं पान उलटं करा. देठ पानाच्या खाचेत संपत नाही, खाचेपासून दोन-तीन बोटं आत, पानाच्या पोटाला जोडलेला असतो. सुलट केल्यावर त्याच जागी वरून एक ठिपका दिसतो, बऱ्याचदा जांभळट. हत्तीकानाच्या मोठ्या पानात देठ थेट खाचेला भिडतो आणि दोन्ही पाळ्या मागे मोकळ्या सुटतात.

दुसरी, पानाचा रोख. अळूचं पान खाली मान घालतं, टोक जमिनीकडे. हत्तीकानाचं टोक आभाळाकडे किंवा समोर.

तिसरी, चमक. अळूचं पान वरून मखमली-मंद, खालून निळसर-फिकं. हत्तीकान वार्निश मारल्यासारखं चकचकीत, शिरा ठसठशीत.

तिन्ही जुळल्या तरच पुढे जायचं. एका खुणेवर भरवसा नको, कारण कोवळ्या हत्तीकानाचा देठही कधी कधी आत जोडलेला असतो आणि लाल-गुलाबी ठिपक्यांच्या कॅलेडियमचा तर असतोच. कॅलेडियम, डिफेनबाखिया, वेलासारखं चढणारं सिंगोनियम ही सगळी अळूच्याच कुळातली, सगळ्यांत त्याच सुया, आणि एकही खायची नाही. नर्सरीतून शोभेचं म्हणून आणलेलं काहीही ताटात येता कामा नये, मग ते कितीही अळूसारखं दिसो. झाडाच्या बेचक्यात उगवणारं रुखाळू खातात, पण ते ओळखणाऱ्याच्या हातूनच.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. पान नसलेला कंद खायचा नाही. दिवाळीनंतर बाग खणताना मातीत कंद लागतात आणि "अळकुडीच असेल" म्हणून टोपलीत पडतात. त्याच सुमारास कळलावीचा वेल वाळून गेलेला असतो आणि तिचे कंद खाली तसेच असतात. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, पानाच्या टोकाला वळलेला तणावा असलेली, पिवळ्या-लाल ज्वाळांसारख्या फुलांची ती कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि ते जीवघेणं आहे. अळकुडी अंड्यासारखी गोल-लांबट, तपकिरी, अंगावर आडव्या कडांच्या रेघा आणि केसाळ तंतू. कापली की आत पांढरी, बुळबुळीत. कळलावीचा कंद लांबट दंडगोल, बहुधा नांगराच्या फाळासारखा काटकोनात वळलेला. पण सालाच्या वर्णनावर जीव टांगू नका. कंदाला जोडलेलं रोप स्वतः ओळखता आलं नाही तर कंद टाकून द्या. डोंगराजवळच्या बागांत अळूच्याच कुळातला, न खायचा सापकांदाही असाच हाती लागतो.

ओळखीबद्दल शंका उरली तर फोटो फिरवत बसण्यापेक्षा अख्खं रोप, मुळासकट, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्या. फोटोत देठाची जोडणी दिसत नाही, पानाचा रोख कळत नाही. मीसुद्धा फोटोवरून "हो, खा" असं कुणाला सांगत नाही. "नको" मात्र सांगतो.

२. पाणी कुठलं पितंय

अळूला पाणी कुठलंही चालतं, हीच अडचण. भांडी घासायच्या मोरीचं पाणी वेगळं, गटाराचं वेगळं. संडासाच्या टाकीचा पाझर, गॅरेजचं तेलकट पाणी, कारखान्याच्या मागचा ओहोळ, हमरस्त्याची कडा अशा जागचं अळू शिसं-कॅडमियमसारखे जड धातू ओढून घेतं आणि ते शिजवून जात नाहीत. त्यातल्या कशाचीही चव लागत नाही, खाजही येत नाही. अशा जागेचं असेल तर तपासणी इथेच संपली.

जागा चांगली असली तरी पाणी तुटलेलं नसावं. उन्हाळ्यात तापलेल्या, कोरड्या जमिनीतलं अळू जास्त खाजरं निघतं हा माझा नेहमीचा अनुभव. मे महिन्यातल्या मरगळलेल्या पानांची वडी करायची घाई कशाला? पाऊस पडून नवी पानं फुटू द्या.

३. कुठला भाग, किती जून

पानं कोवळी, नुकती उलगडलेली. मोठ्या पानाच्या पाठीवरच्या जाड शिरा सुरीनं तासून काढायच्या. देठ भाजीत घालायचे तर त्यांची साल वरून खाली सोलून काढायची; पदराला पदर ओढल्यासारखी लांबच्या लांब निघते. सालीसकट चिरलेला देठ हे "भाजी खाजली"चं फार नेहमीचं कारण आहे.

खालचं जरा नीट समजून घ्या. मधोमध असतो तो आईगड्डा आणि त्याच्या अंगाला चिकटलेली पिल्लं म्हणजे अळकुड्या. खाजेचा जोर गड्ड्यात जास्त. ज्यांच्या बागेत पिल्लं चांगली निघतात त्यांनी गड्डा खायच्या भरीला पडू नये. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये फुटलेल्या अळूच्या अळकुड्या सहा-सात महिन्यांनी तयार होतात. पानं पिवळी पडून माना टाकायला लागली की खणायचं. गणपतीत खणलात तर सुपारीएवढ्या, पाणचट आणि खाजऱ्या मिळतील. मोरीच्या बारमाही पाण्यावरचं अळू कधी पिवळं पडतच नाही, त्यामुळे खणायची वेळ कळत नाही. तिथे पानंच खावीत, कंदाचा नाद सोडावा.

आणि ते दोरीसारखे धुमारे? पाणथळ जागच्या रानअळूचा तो स्वभावच आहे. आडवे धुमारे सोडून ते पसरतं, कंद धरत नाही. खत घालून, माती लावून त्याला अळकुड्या येणार नाहीत. कुणी तसं सांगत असेल तर खताचे पैसे वाचवा.

४. हात आणि सुरी

खाज पाण्यानं पसरते, म्हणून सोलण्याआधी कंद धुवायचे नाहीत. कोरडी माती झटका, हाताला खोबरेल तेल चोळा किंवा प्लास्टिकचे मोजे घाला, आणि मग हात लावा. त्याहून सोपं म्हणजे सोलायचंच नाही: माती धुऊन सालीसकट उकडा, मग साल चिमटीत निसटते आणि हाताला काही होत नाही. हात खाजायला लागलेच तर चिंचेचा किंवा कोकमाचा कोळ चोळून मग धुवा. त्या हातानं डोळे चोळायचे नाहीत. हे मुलांना दोनदा सांगा.

५. शिजवण

ओळख, जागा आणि भाग बरोबर असूनही खाजत असेल तर बहुतेक वेळा घोळ इथे असतो.

अळकुड्या सालीसकट, बुडतील एवढ्या पाण्यात, कुकरमध्ये तीन शिट्या. मोठ्या असतील तर एक-दोन जास्त. कुकर नसेल तर उघड्या पातेल्यात अर्धा तास धरा. टोकाकडच्या जाड भागात सुरीचं टोक घालून बघा: अडलं तर पुन्हा चढवा. ते पाणी फेकून द्यायचं, आमटीत वापरायचं नाही, कारण विरघळणारं ऑक्झलेट त्यात उतरलेलं असतं. कच्च्या चकत्या थेट तेलात सोडून केलेली कुरकुरीत अळकुडी खाजते, कारण बाहेरून तांबूस होईपर्यंत आत उष्णता पुरेशी पोचलेलीच नसते. आधी उकडा, मग परता.

चिंचेबद्दल दोन गैरसमज. एक, चिंचेनं सुया विरघळतात. नाही विरघळत. आंबटानं खाज कमी लागते हे खरं, पिढ्यान्‌पिढ्या म्हणूनच फदफद्यात चिंच पडते, कुठे कोकम, कुठे आंबट ताक. पण चिंच ही शिजवणीच्या जागी नाही, शिजवणीच्या जोडीला आहे. दुसरा, चिंच सुरुवातीलाच घालायची. आंबट आधी पडलं की कंद, देठ आणि त्यातली हरभरा डाळ मऊ व्हायला दुप्पट वेळ लावतात. तुमची अळकुडी पाच शिट्यांनंतरही कचकचीत असेल तर आधी हे तपासा. मऊ झाल्यावर कोळ घाला आणि मग दहा मिनिटं उकळू द्या.

तरीही एक टोक कचकचीतच राहिलं तर त्या टोकाला कोंब फुटला होता का बघा. कोंब आलेल्या कंदातला पिठूळपणा कोंबाकडे गेलेला असतो, तो भाग नंतर शिजत नाही. कापून काढायचा.

अळूवडीचं दुखणं वेगळं. पाच-सहा पानांची जाड वळकटी केली की वाफ मध्यापर्यंत पोचत नाही. कडा शिजतात, पोट कच्चं, आणि मग तळलं तरी मधला घास खाजतो. वळकटी मनगटाएवढी जाड नको, पानं तीन-चार पुरे, वाफ वीस-पंचवीस मिनिटं. सुरी मध्यात घालून बघायची; पान हिरवंगार न दिसता मळकट हिरवं झालेलं असलं पाहिजे.

६. चमचाभर चाचणी

फक्त पहिली तपासणी पक्की झाली असेल तरच ही. नव्या जागचं अळू पहिल्यांदा शिजवलं की घरातल्या एका मोठ्या माणसानं नखाएवढा तुकडा जिभेच्या शेंड्यावर चावून थांबायचं, पंधरा मिनिटं. चुणचुण नाही तर चमचाभर खायचं, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी. ही चाचणी फक्त खाजेची आहे, विषाची नाही. कळलावी लगेच जिभेला टोचेलच असं नाही. तिचा त्रास काही तासांनी उलट्या-जुलाबांनी सुरू होतो. म्हणून अनोळखी कंद "खाजत नाही म्हणजे चालेल" असं कधीच नाही.

नवं अळू मिश्र भाजीत घालू नका, विशेषतः ऋषिपंचमीच्या भाजीत. तिथे सुरणही असतो, तोही खाजरा, आणि घसा धरला की दोष कुणाचा हे कळत नाही. पहिल्यांदा एकटं अळू, साधी भाजी.

चुणचुण आलीच तर गार पाण्यानं चूळ भरा, दही किंवा गार दूध तोंडात धरा. साधी खाज तासा-दोन तासांत उतरते.

७. बेट उपटा

वरचं सगळं पाळून दोन हंगाम तेच बेट खाजत असेल, तर जातच खाजरी आहे. रेसिपी बदलून जात बदलत नाही. शोभेला ठेवा किंवा काढून टाका. काढणं सोपं नाही: धुमाऱ्याचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पुढच्या पावसात पुन्हा उगवतं. पावसाळा संपल्यावर, जमीन ओलसर असताना, बेटाच्या कडेपासून हातभर बाहेर खणत आत या. निघालेलं ओढ्यात फेकू नका, उन्हात पूर्ण वाळवा. त्याच जागी लगेच नवं लावू नका. जुनं कुठून डोकं काढतंय ते एक पाऊस बघा, नाहीतर नवीन-जुनं एकत्र होऊन सगळी मेहनत मातीत.

नवं लावायचं तर माहितीतल्या घरचं, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं खाल्लं जातंय, तिथलं पिल्लू आणा. पानांसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण हरितपर्णी' आहे. कंदांसाठी तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेनं 'श्री रश्मी', 'श्री पल्लवी' अशा जाती दिल्या आहेत. पंचवीस-तीस ग्रॅमचं निरोगी पिल्लू, दोन रोपांत दीड फूट अंतर, पाणी साचणार नाही पण ओल राहील अशी जागा.

थांबायचं कधी

खाज दोन तासांनंतरही वाढत असेल, किंवा सूज दिसायला लागली असेल, तर घरचे उपाय बंद. अनोळखी कंद खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले, तर लक्षणं सौम्य वाटली तरी वाट बघायची नाही. खाल्ल्याचं लक्षात आलं आणि त्रास अजून सुरू झाला नसेल, तरीही लगेच रुग्णालयात जायचं.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी अळू खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चिंचेनं घशाची खाज गेली म्हणजे ऑक्झलेट गेलं असं नाही. घसा गप्प बसला तरी मूत्रपिंडाचा हिशेब चालूच असतो.

रुग्णालयात जाताना उरलेली भाजी डब्यात घेऊन जातात. शिजल्यावर त्यातून काही ओळखता येत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याच जागचं एक रोप खणावं, पान-देठ-कंद एकमेकांना जोडलेले ठेवून, मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालावं. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं आणि आणखी कुणी खाल्लं, एवढं त्याच पिशवीवर पेनानं लिहावं.